भिंतीने घडवलेला फोरहँड: रत्नागिरीतल्या एका पंधरा वर्षांच्या खेळाडूचं प्रकरण

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती माझ्याकडे आली तेव्हा उजव्या मनगटाला पट्टा होता, पण तक्रार मनगटाची नव्हती. "ताई, माझा फोरहँड जातच नाही," एवढंच म्हणाली. फोरहँड म्हणजे टेनिसमध्ये रॅकेट धरलेल्या हाताच्या बाजूने मारायचा फटका. मनगट दुखतं हे आईने मागून सांगितलं. लेकीने तोवर ते लपवायचाच प्रयत्न केला होता.

वय 15, उजव्या हाताने खेळणारी, रत्नागिरीत सिमेंटच्या कोर्टवर चार वर्षं सराव. नाव देत नाही. घरच्यांच्या संमतीने लिहिते आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि टेनिस खेळतच मोठी झाले, म्हणून या प्रकरणात जास्तच गुंतले. शिवाय तिला मिळालेला सल्ला मी इथल्या जवळजवळ प्रत्येक कोर्टवर ऐकला आहे: ताकद वाढव आणि मनगट मार. उन्हाळ्यात ती पुण्याला एका स्पर्धेत खेळली. तिचा फोरहँड सर्व्हिस लाइनच्या (समोरच्या अर्ध्या कोर्टाच्या साधारण मधल्या आडव्या रेघेच्या) आसपास पडायचा, समोरची मुलगी दोन पावलं पुढे येऊन तो ठोकायची. परतल्यावर कुणीतरी हा सल्ला दिला आणि पोरीने तो प्रामाणिकपणे पाळला. सहा महिने डंबेल्स, त्यात तीन किलोचं वजन घेऊन मनगट वर-खाली करण्याचा व्यायाम रोज. दंडाचे स्नायू भरले. चेंडू होता तिथेच पडत राहिला. पावसाळा संपता संपता मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला दुखू लागलं.

सर्वांत आधी तिला अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) फाटलेली नव्हती, पण त्या बाजूच्या कंडरेला आणि तिच्या आवरणाला सूज होती. तीन आठवडे रॅकेट हातात घ्यायची नाही असं ठरलं. तिला रडू आलं. मला मात्र ते तीन आठवडे हवेच होते, कारण तिला काय करायला लावायचं हे कळण्याआधी ती काय करते आहे ते मला नीट पाहायचं होतं.

पाहायला साहित्यही होतं. सप्टेंबरच्या उघडिपीत तिच्या बाबांनी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये तीसेक फोरहँड टिपले होते, काही बाजूने, काही मागून. सेकंदाला 240 फ्रेम. म्हणजे एक फ्रेम साधारण 4 मिलिसेकंदांची. हा आकडा लक्षात ठेवा, कारण चेंडू रॅकेटच्या तारांवर टेकलेला असतो तो वेळही जवळपास तेवढाच, 4 ते 5 मिलिसेकंद. संपूर्ण फटक्यात चेंडू तारांवर दिसतो तो एका, फार तर दोन फ्रेममध्ये.

मुलीला मी हे पडद्यावर दाखवलं. चेंडू येतो, पुढच्या चित्रात तारांमध्ये रुतलेला, त्याच्या पुढच्यात सुटलेला. डोळ्यांना काही दिसलं की शरीराने त्यावर हालचाल करायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. चेंडू त्याच्या चाळीसएक पट लवकर निघून जातो. "आता मनगट मारलंस तर ते कधी मारणार?" असं विचारलं. ती बराच वेळ त्या एका फ्रेमकडे बघत राहिली.

फटक्याच्या क्षणी रॅकेट ज्या वेगाने आणि ज्या कोनात आलेली असते, त्यावर सगळं ठरून गेलेलं असतं. मुठीची पकड त्या क्षणी आवळल्याने मधोमध बसलेल्या चेंडूचा वेग वाढत नाही, कारण धक्क्याची लाट मुठीपर्यंत जाऊन परत येईपर्यंत चेंडू तारा सोडून गेलेला असतो. ढोबळ हिशोब असा: सुटणाऱ्या चेंडूचा वेग म्हणजे रॅकेटच्या वेगाच्या सुमारे 1.4 पट, अधिक येणाऱ्या चेंडूच्या वेगाच्या सुमारे 0.4 पट. रॅकेटचा वेग सेकंदाला एक मीटरने वाढला तर चेंडूला जवळजवळ दीड मीटर मिळतात. त्यामुळे खरा प्रश्न एकच उरतो: रॅकेटच्या टोकाला वेग कुठून येतो?

चित्रणात काय दिसलं

बेसलाइनपासून (कोर्टाच्या मागच्या रेघेपासून) नेटपर्यंतचं अंतर जवळपास 12 मीटर. तिच्या चेंडूला ते पार करायला सरासरी 158 फ्रेम लागत होत्या. भागाकार केला तर ताशी 66 किलोमीटर. हा सुटतानाचा वेग नव्हे, वाटेतली सरासरी. पण आधी-नंतरची तुलना करायला तो पुरतो आणि मोबाइल सोडून काही लागत नाही.

वेगापेक्षा महत्त्वाच्या होत्या बाकीच्या गोष्टी. चेंडू तिच्या बाजूला टप्पा घेण्याच्या बऱ्याच आधी तिची रॅकेट पूर्ण मागे गेलेली असायची. शिकवणारे नेहमी ओरडतात, "रॅकेट मागे, रॅकेट मागे!" ती ते इमानाने करायची. पण मागे जायचा तो फक्त हात. खांदे जेमतेम अर्धवट वळलेले, डावा हात मांडीपाशी लोंबकळत. मग ती थांबायची. मी फ्रेम मोजल्या: सत्तरच्या आसपास. जवळजवळ एक तृतीयांश सेकंद रॅकेट मागे स्थिर. त्यानंतर कंबर, धड आणि हात तिन्ही एकदम सुटायचे, दारासारखे, एकाच बिजागरीवर. चेंडू लागायचा तो शरीराच्या पुढे नाही, अगदी बाजूला. आणि मग उशीर भरून काढायला मनगट झटक्याने पुढे वळायचं.

चांगल्या फोरहँडमध्ये या गोष्टी एकामागून एक होतात. उजवा पाय वाकून वजन घेतो, मग जमिनीला ढकलतो. जमीन तेवढ्याच जोराने उलट ढकलते आणि तिथून सुरुवात होते. त्या ढकलण्याने कंबर नेटकडे फिरू लागते, तेव्हा खांदे अजून मागेच वळलेले असतात. तयारीत खांद्यांची रेषा नेटशी जवळपास काटकोनात, कधी त्याच्याही पुढे गेलेली असते. कंबर त्याहून 20-30 अंशांनी कमी. या फरकामुळे पोटाचे तिरके स्नायू आणि छाती ताणली जाते. मग कंबरेचा वेग उतरू लागतो आणि धडाचा चढतो. धडाचा उतरतो आणि दंडाचा चढतो. मोठा, जड भाग थबकतो तेव्हा त्याची गती पुढच्या हलक्या भागात उतरते. दंड खांद्याच्या सांध्यात आतल्या बाजूला फिरतो, आणि टोकाचा बराचसा वेग या फिरण्यातूनच येतो. हे फिरवणारे स्नायू छातीतले, पाठीतले आणि खांद्याच्या पात्यापुढचे. डंबेल उचलून फुगवलेल्या दंडाचा त्यात वाटा लहान आहे.

मनगटाचं काय? दंड पुढे निघतो तेव्हा रॅकेट जडत्वाने मागे रेंगाळते आणि मनगट आपोआप मागे वाकतं. कुणी वाकवत नाही. शेवटच्या क्षणी ते सरळ होऊ लागतं तेही मुख्यतः मिळालेल्या गतीनेच. मोठ्या खेळाडूंचं चित्रण पाहून लोकांना वाटतं की ते मनगट मारतात. दिसतं तसंच, पण दिसतो तो परिणाम.

तो थांबा तिला सर्वांत महागात पडत होता. ताणलेला स्नायू आणि कंडरा काही अंशी रबरासारखे वागतात. लगेच सोडले तर साठवलेली ऊर्जा परत देतात, ताणून धरून ठेवले तर ती उष्णता होऊन ओसरते. तिचे स्नायू तर मुळात ताणलेच जात नव्हते, आणि जी थोडी ऊर्जा साठायची ती थांबण्यात संपायची.

मनगट का दुखलं हेही यातून उलगडलं. पाय, कंबर आणि धड यांचं काम साखळीतली सर्वांत लहान कडी दिवसाला शेकडो वेळा एकटी करत होती. तिची पकड सेमी-वेस्टर्न (तळहात मुठीच्या खालच्या बाजूकडे सरकलेला), आणि या पकडीत ताण करंगळीकडच्या बाजूलाच जास्त येतो. त्यात रोजचा तीन किलोचा व्यायाम. दुखणं आणि कमजोर फोरहँड असे दोन वेगळे आजार नव्हतेच.

मग ही सवय लागली कुठून

हा प्रश्न मी आधी विचारायला हवा होता. मी दोन आठवडे नुसत्या फटक्यातच डोकं घालून बसले होते.

रत्नागिरीत जून ते सप्टेंबर कोर्ट मोकळं मिळत नाही. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो, सिमेंटवर शेवाळ धरतं. "पावसात तू काय करतेस?" म्हटलं तर ती म्हणाली, "भिंत." घरामागे पत्र्याची शेड आहे, आंब्याच्या पेट्या ठेवायला बांधलेली. पावसाळ्यात ती रिकामी असते. टोकाला जांभ्या चिऱ्याची भिंत, सिमेंटने गिलावा केलेली. तिथे ती रोज दीड तास, सलग चार पावसाळे.

मी जाऊन पाहिलं. मध्ये लाकडी फळ्या रचलेल्या असल्याने तिला भिंतीपासून साधारण पाच मीटरवर उभं राहावं लागे. पाच मीटरवरची भिंत चेंडू एका सेकंदाच्या आसपास परत देते. कोर्टवर आपल्या एका फटक्यापासून पुढच्या फटक्यापर्यंत याच्या अडीच-तीन पट वेळ मिळतो. एका सेकंदात पाय लावून, खांदे वळवून, परत सुटून यायला वेळच नाही. शरीर शहाणं असतं, ते वेळेत बसेल तेवढंच शिकतं: हात मागे, हात पुढे. शिवाय चिऱ्याच्या भिंतीवर चेंडू कमी वेगाने मारला तरी टप्प्यासाठी पुरतो, म्हणून जोर लावायची गरजच पडत नाही. चार पावसाळ्यांत हजारो फटके असे बसले. कोर्टवर वेळ मिळाला तेव्हा त्या वेळेचं काय करायचं हे ठाऊक नव्हतं, म्हणून ती रॅकेट मागे धरून थांबायची.

यात तिचा दोष काडीचाही नव्हता. कोकणात पावसाळ्यात सराव टिकवणारी मुलं थोडी असतात, आणि ती त्यातली एक होती.

पाग

दिवाळीत ती देवबागला आजोळी गेली. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथलं गाव. तिचे आजोबा अजून खाडीत पाग टाकतात. पाग म्हणजे एकट्याने फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या. ओलं झालं की चांगलंच जड. मी तिला गृहपाठ दिला होता: रॅकेटशिवाय कुठलीही फेक शिकून ये आणि चित्रण पाठव. मला दगड किंवा नारळ अपेक्षित होता. तिने आजोबांचा पाग पाठवला.

ते चित्रण मी कितीदा पाहिलं सांगता येणार नाही. गुडघाभर पाण्यात सत्तरी ओलांडलेला माणूस, पाय वाळूत रोवलेले. आधी सगळं अंग मागे वळतं, जाळं खांद्यावरून आणि कोपरावरून लोंबतं. मग कंबर निघते. जाळं अजून मागेच. मग छाती, मग हात, आणि हात सुटतात तेव्हा जाळं पाण्यावर थाळीसारखं उघडून पडतं. नातीने पहिल्यांदा टाकला तेव्हा गोळा होऊन पुढ्यातच पडला. आजोबांचा आवाज चित्रणात आहे: "हातान नाय गो चेडवा, कमरेन टाकूचो. हात फकस्त सोडूक."

चौथ्या दिवशीच्या चित्रणात तिचा पाग अर्धवट उघडला होता. मी फ्रेम मोजल्या. कंबर आणि खांदे यांच्या सुटण्यात पहिल्यांदाच अंतर दिसत होतं.

पागाने फोरहँड येतो असं मी म्हणणार नाही. जाळं सोडून द्यायचं असतं, रॅकेट धरून ठेवायची असते. पागाला तारांचा कोन सांभाळावा लागत नाही. आणि पायाखालची वाळू सरकते, त्यामुळे जमिनीकडून मिळणारा धक्का तिथे अर्धवटच मिळतो. (याच कारणाने, भाट्याच्या किनाऱ्यावर मुलांकडून फटक्यांचा सराव करून घ्यावा का असं पालक विचारतात तेव्हा मी नको म्हणते. वाळूत धावून पोटऱ्या बळकट होतील, पण फटक्याची वेळ कडक जमिनीवरच जुळवावी लागते.) पागाने तिला एकच गोष्ट दिली: जड वस्तू हाताने फेकताच येत नाही, त्यामुळे शरीराला क्रम शोधावाच लागतो. रॅकेट तीनशे ग्रॅमची. ती हाताने फेकता येते, म्हणून ती फसवते.

काय केलं, काय फसलं

नोव्हेंबरच्या मध्यापासून रॅकेट परत हातात. पहिले दोन आठवडे माझ्यामुळे वाया गेले. मी एका वेळी चार सूचना दिल्या: गुडघा वाकव, खांदे वळव, पकड सैल, पुढे मार. ती लाकडासारखी ताठ झाली, चेंडू कुंपणाबाहेर. पकड सैल सांगितली तेव्हा कडेला लागलेल्या चेंडूंनी रॅकेट हातात फिरू लागली. तिच्या सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की एका वेळी एकच सांगा, आणि ते बरोबर होतं.

मग फक्त डावा हात घेतला. डावा हात रॅकेटच्या गळ्याला धरून ठेवायचा आणि त्यानेच रॅकेट मागे न्यायची. असं केलं की खांदे वळल्याशिवाय रॅकेट मागे जाऊच शकत नाही. मग डावा हात साइडलाइनकडे पसरायचा. फटका सुटताना तोच हात छातीशी आत घ्यायचा: पसरलेलं अंग सावकाश फिरतं, आवळलेलं झपाट्याने. महिनाभर आम्ही उजव्या हाताबद्दल एक शब्द बोललो नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त फळ याच एका गोष्टीने दिलं.

थांबा मोडायला वेळेच्या खुणा बदलल्या. "रॅकेट मागे" ही सूचना बंद. समोरची मारते तेव्हा छोटी उडी, चेंडू नेट ओलांडतो तोवर खांदे वळलेले, टप्प्याला रॅकेट खाली उतरू लागलेली, आणि तिथून न थांबता वर. कोर्टबाहेर दोन किलोचा मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) त्याच चिऱ्याच्या भिंतीवर बाजूने फेकायचा, आठवड्यातून तीनदा, थोडकेच पण पूर्ण जोराने. खांद्याच्या मागच्या बाजूचे स्नायूही घेतले. वेगाने फिरलेल्या दंडाला फटक्यानंतर लगाम तेच घालतात. वेग वाढवायचा आणि लगाम तसाच कमकुवत ठेवायचा, तर पुढचं दुखणं खांद्याचं येतं.

वेग वाढू लागला तसा चेंडू बाहेर जाऊ लागला. आता टॉपस्पिनकडे लक्ष देणं भाग होतं. रॅकेट खालून वर येत चेंडूला पुढच्या बाजूला गिरकी देते. गिरकी घेणाऱ्या चेंडूवर हवा खालच्या दिशेने जोर लावते, त्यामुळे तो नेटवरून उंच जाऊनही आत पडतो. स्पेनचा टेनिसपटू राफेल नदाल याच्या फोरहँडची गिरकी सरासरी मिनिटाला 3200 फेऱ्यांच्या आसपास मोजली गेली आहे. आमच्या पोरीला तेवढी नको होती. नेटच्या मध्यावर, जिथे उंची 91 सेंटीमीटर असते, आणखी एक रॅकेटभर उंचीवर दोरी बांधली आणि तिच्यावरून मार म्हटलं. गिरकीचं नाव काढलं नाही. उंचावरून मारून आत पाडायचं तर हात ते स्वतःच शोधतो.

फेब्रुवारीत पुण्याला सामना होता. पहिल्या सेटमध्ये तिचे फोरहँड हातभर बाहेर. तिने फोन करून विचारलं की काय बिघडलं. काहीच बिघडलं नव्हतं. पुणे समुद्रसपाटीपासून 560 मीटरवर, तिथली हवा आपल्यापेक्षा सहा-सात टक्क्यांनी विरळ. चेंडूला अडवायला आणि खाली दाबायला तेवढी कमी. त्यात रत्नागिरीच्या दमट हवेत चेंडूची लोकर ओल धरून फुगते, चेंडू जड आणि मंद होतो. तिची नजर त्याच चेंडूला सरावलेली. पुण्याला जाताना आता ती एक दिवस आधी पोचते आणि नव्या चेंडूंवर अर्धा तास घालवते. तो सामना ती हरली. पण समोरची मुलगी या वेळी बेसलाइनच्या मागे उभी होती.

एप्रिलची नोंद

तोच मोबाइल, तीच जागा, तीसच फटके. नेटपर्यंत सरासरी 129 फ्रेम: ताशी सुमारे 80 किलोमीटर. दंडाचा घेर ऑक्टोबरइतकाच. मागे थांबण्याच्या सत्तर फ्रेम जवळपास नाहीशा. कंबर खांद्यांच्या आधी सुटते, दर वेळी नाही, पण बहुतेक वेळा. चेंडू शरीराच्या पुढे लागतो. जानेवारीपासून मनगट दुखलेलं नाही.

सगळं जमलेलं नाही. उजवीकडे धावत जाऊन मारताना खांदे अजून उघडे राहतात. गुण अडकला, 30-40 झालं, की जुना हात परत येतो. डावा हात मांडीशी लोंबकळताना मी पॅव्हेलियनमधून पाहिला आहे. चार पावसाळ्यांची सवय सहा महिन्यांत पुसत नाही.

आणि पाऊस परत येणारच होता. भिंत बंद कर असं मी सांगू शकत नव्हते. तिच्याकडे दुसरं काही नाही. मे महिन्यात पेट्या गेल्यावर बाबांनी फळ्या उचलून शेड मोकळी केली, तेव्हा आठ मीटर मिळाले. चेंडू बदलले: मुलांना शिकवायला वापरतात ते नारिंगी चेंडू, नेहमीच्या चेंडूपेक्षा निम्म्या वेगाचे. आणि एका ऐवजी दोन टप्पे पडू द्यायचे. मोबाइलवर वेळ लावली तर भिंतीचा एक फेरा आता अडीच सेकंदांच्या जवळ जातो. तेवढ्यात खांदे वळवून होतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिने फोटो पाठवला. पत्र्यावरून पागोळ्या गळताहेत, जमिनीवर आठ मीटरवर गेरूची जाड रेघ आणि रेघेच्या मागे तिचे दोन पाय.